बाबांच्या डीटीपी सेंटरचे कॉम्प्युटर मोडीत काढताना

पुण्यातल्या नारायण पेठेतल्या आमच्या राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत बाबांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, मंडळांचे अहवाल, स्मरणिका, एखाद-दुसरा दिवाळी अंक आणि शेजारच्या वकिलांची टायपिंगची कामं तिथे चालायची. विंडोज ९८ वाला पहिला असेंबल्ड कॉम्प्युटर थकला तेव्हा पेंटियम फोर आला, मग लॅपटॉप, मग २०१७ चा एसएसडीवाला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा, डेस्कटॉप. जुनं यंत्र बाबांनी कधी विकलं नाही, ते माळ्यावर जायचं. बाबा गेल्यावर आम्हीही त्याला हात लावला नाही. इमारत पुनर्विकासाला गेली आणि जागा रिकामी करायची तारीख ठरली, तेव्हा सगळं खाली उतरवणं भाग पडलं.

न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, सगळं एका हार्डडिस्कवर ओत आणि डबडी भंगारात देऊन टाक." त्याचं म्हणणं समजत होतं, पण मी दोन गोष्टींसाठी अडून बसले. बाबांच्या आत्याने, म्हणजे आमच्या आत्याआजीने, सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. मूळ वही पुढे वाळवीने खाल्ली, त्यामुळे त्या ओव्या आता फक्त त्या डिस्कवर होत्या. दुसरी गोष्ट लोकांच्या कागदांची. डीटीपीवाल्याकडे माणूस विश्वासाने काय काय घेऊन येतो, याची मला लहानपणापासून कल्पना होती. मृत्युपत्रं, भाडेकरार, घटस्फोटाची शपथपत्रं, पत्ता आणि फोन नंबरासकट लग्नाचे बायोडाटा, पॅनकार्डाचे स्कॅन. कुणाचं काय टाइप केलं हे बाबा घरात आईलासुद्धा सांगत नसत. तो माल आमचा नव्हता. तो कुणा तिसऱ्याच्या हाती जाऊ न देणं हे आमच्यावर राहिलेलं कामच होतं.

म्हणून क्रम ठरवला. आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल, मग त्यातलं आमचं काय ते निवडून उघडून बघणं, मग प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, मग डिस्क पुसणं आणि शेवटी यंत्रांची विल्हेवाट. यातली कुठलीही पायरी पुढची मागे केली तर परतीचा रस्ता बंद होतो.

माळ्यावरून उतरवलेलं यंत्र मी लगेच चालू करणार नाही याची काळजी गल्लीतल्या रिपेअरवाल्या काकांनी घेतली. त्यांनी दारातूनच सांगितलं, "स्विच दाबू नका. आधी डिस्क बाहेर काढा." वर्षानुवर्षं बंद असलेल्या एसएमपीएसमधले, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, कपॅसिटर चालू करताना फुटू शकतात, आणि गेला तर तो एकटा जाईल याची खात्री नसते. डिस्क काढायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. जुन्या डिस्कना मागे चाळीस पिनांचा रुंद आयडीई कनेक्टर असतो, २००३ नंतर हळूहळू आलेल्या साटा डिस्कना अरुंद चपटा. दोन्ही चालतील असा यूएसबी अडॅप्टर तपकीर गल्लीत मिळाला. घेताना त्याच्यासोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना, हे बघून घ्यावं. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून मिळतात ५. नुसत्या यूएसबीवर ती डिस्क फिरतच नाही आणि लोक ती मेली असं समजून टाकून देतात. काढलेल्या प्रत्येक डिस्कवर मी कागदी टेप लावून कोणत्या यंत्रातली आणि कुठल्या सालातली ते लिहिलं.

ही डिस्क विंडोजला जोडली की ते आपणहून तिच्यावर लिहायला जातं आणि कधी "फॉरमॅट करायची का", कधी "दुरुस्त करायची का" असं विचारतं. दोन्हींना नाही म्हणायचं. त्यापेक्षा सरळ वाट म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली सुरू करून डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडणं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने ते लावून दिलं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची एक फाईल, म्हणजे इमेज, बनवली. पेंटियम फोरच्या डिस्कमध्ये खराब सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, होते, तिथे या प्रोग्रॅमची किंमत कळली. साधी कॉपी खराब जागेवर अडते आणि तीच जागा पुन्हा पुन्हा घासत बसते. हा आधी वाचता येणारं सगळं उचलतो, अडलेल्या जागा एका नकाशात लिहून ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. मध्ये वीज गेली तर नकाशा बघून पुढे सुरू करतो. आमच्याकडे वीज गेलीच, आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे गेलं.

लॅपटॉपची डिस्क मात्र टकटक आवाज करत होती. अशी डिस्क चालू ठेवली की आतलं हेड तबकडीवर घासून उरलंसुरलंही जातं. ती लगेच काढून घेतली. त्या लॅपटॉपवरची कामं बाबांनी पुढे डेस्कटॉपवर घेतलेली होती, तेव्हा रिकव्हरी लॅबचा मोठा खर्च करायचा नाही असं आई आणि मी मिळून ठरवलं. एखाद्याचे मुलांच्या जन्मापासूनचे फोटो तिथेच अडकले असते, तर माझं उत्तर वेगळं असतं.

मग ओव्या.

फाईल सापडली. ती पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये केलेली, श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरच्या ०७१४ या फॉन्टमध्ये. त्या काळात डीटीपी करणाऱ्या कुठल्याही माणसाला हा क्रमांक विचारा, पाठ असतो. नव्या कॉम्प्युटरवर पेजमेकर नाही, त्यामुळे फाईल उघडेना. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.०, ती २००१ साली आली. त्याच मजकुराची वर्डमध्ये केलेली एक अर्धवट प्रत होती, ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं. जुने मराठी फॉन्ट असेच चालायचे. इंग्रजी अक्षरांच्या दोनशे छप्पन्न खणांमध्ये देवनागरीचे तुकडे भरलेले असत: एका खणात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता, मराठी फक्त डोळ्यांना दिसायची. फॉन्ट गेला की मराठीही गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, क चा ०९१५, म्हणून आज आपण टाइप केलेलं कुठल्याही फोनवर वाचता येतं. पण महाराष्ट्रात १९९० ते साधारण २००५ या काळात कॉम्प्युटरवर बसवलेलं जवळजवळ सगळं मराठी त्या खणांमध्ये पडून आहे. शाळांची स्मरणपुस्तकं, ग्रामपंचायतींचे अहवाल, कुलवृत्तांत, संस्थांच्या घटना. माझ्या मते आपल्याकडे जुना कॉम्प्युटर टाकताना सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. फाईल कॉपी झालेली असते, हार्डडिस्क कपाटात सुरक्षित असते, आणि दहा वर्षांनी ती उघडून वाचणारं यंत्र जगात उरलेलं नसतं. तोवर कुणालाही वाटत असतं की आपण सगळं वाचवलं.

म्हणजे तो विंडोज ९८ वाला कॉम्प्युटर एवढ्यात टाकता येणार नव्हता. त्या ओव्या वाचणारा तोच एक होता. डिस्कची इमेज हातात होती, तेव्हा आता जोखीम घेता येत होती. काकांनी एसएमपीएस बदलला, धूळ झटकली, रॅमच्या पट्टीचे पाय खोडरबराने घासले आणि मूळ डिस्क परत बसवली. चालू केल्यावर आधी काळ्या पडद्यावर चेकसमची तक्रार आली, कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, केव्हाच संपली होती आणि यंत्राला तारीख-वेळ काही आठवत नव्हतं. एफ-वन दाबलं, विंडोज उघडलं, पेजमेकर उघडला आणि त्या फुगीर काचेवर आत्याआजीच्या ओव्या स्वच्छ दिसल्या. आई मागे उभी राहून मोठ्याने वाचायला लागली. मुळशीकडची आत्याआजीची ती बोली, माहेरच्या वाटेवरचे सगळे ओढे नावानिशी.

दोन रूपांत ते बाहेर काढलं. एक, पान जसं दिसतं तसं. विंडोज ९८ मध्ये पीडीएफ करण्याची सोय नसते, पण पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा समजणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालून छपाई कागदाऐवजी फाईलमध्ये करता येते. ती फाईल नव्या कॉम्प्युटरवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ झाली, फॉन्ट आतच बसला. आता तो कुठेही तसाच दिसेल. दोन, नुसता मजकूर. तो बाहेर न्यायला आमच्या त्या विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखता येत नव्हता, म्हणून फ्लॉपी वापरली. १.४४ एमबी ओव्यांना पुरून उरते. नव्या लॅपटॉपला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह जोडला आणि मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला.

कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण डोळ्याखालून एकेक ओळ घालावीच लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. या उलटापालटीत कन्व्हर्टर जोडाक्षरांवर चुकतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका अर्ध्या र च्या झाल्या. वाऱ्याची वार्या झाली, दऱ्याखोऱ्यांची दर्याखोर्या, आणि सह्याद्रीतल्या ओवीत एकाएकी समुद्र आला. पीडीएफ शेजारी उघडून ठेवून आईने आणि मी सगळं ताडून बघितलं. एक ताकीद इथे देते. असे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात, ओव्यांसाठी ते खुशाल वापरावेत. पण कुणाचं मृत्युपत्र किंवा करारनामा त्या चौकटीत चिकटवू नये, तो मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. त्यासाठी आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा कन्व्हर्टर हवा.

फ्लॉप्यांचा एक डबा आणि सीडींची एक पिशवीही होती. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही बिघडवतं. घरी लिहिलेल्या सीडींपैकी काही एका ड्राइव्हवर वाचल्या जाईनात, दुसऱ्यावर वाचल्या गेल्या; तेव्हा एका नकारावर सीडी टाकून देऊ नये.

फोटो, ओव्या, घराची कागदपत्रं आणि बाबांचे हिशेब एवढं आमचं म्हणून वेगळं केलं. नक्कल खरोखर तंतोतंत झाली का, हे फोल्डरचा आकार बघून कळत नाही. विंडोजमध्येच सर्टयूटिल नावाची आज्ञा असते, ती फाईलचा एसएचए-२५६ हा ठसा काढून देते. मूळ आणि नकलेचा ठसा सारखा आला तर फाईल सारखी. मोठ्या इमेजसाठी मी तो काढला, फोटोंसाठी भाच्याने एका छोट्या प्रोग्रॅमने सगळ्यांचा एकदम काढला. मग तीन प्रती: एक माझ्याकडच्या हार्डडिस्कवर, एक नाशिकच्या मावसबहिणीकडे, एक भावाने घेतलेल्या क्लाउडवर. प्रती एकाच घरात ठेवल्या की एकाच चोरीत किंवा एकाच पुरात जातात, आणि मुठेच्या काठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी फिरणारी हार्डडिस्क घेतली, एसएसडी नाही. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला भार उतरत जातो. बाबांचं जीमेल खातंही याच वेळी उतरवून घेतलं, पासवर्ड त्यांच्या डायरीत होता. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करायचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. ज्यांच्या घरात असं खातं मागे राहिलं आहे, त्यांनी ते पुढे ढकलू नये.

गिऱ्हाइकांचे कागद कुणाला हवेत का, हे ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं. एका निवृत्त प्राध्यापकांना त्यांच्या प्रबंधाची फाईल हवी होती, ती त्यांना दिली. बाकीचं पुसायचं ठरलं. इमेजमध्येही तेच कागद होते, त्यामुळे आमचं काढून घेतल्यावर इमेजही पुसली. हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, नाहीतर जुनी डिस्क साफ आणि त्यावरचं सगळं नव्या डिस्कवर, असा प्रकार होतो.

फाईल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला की फक्त यादीतलं नाव जातं, मजकूर डिस्कवर तसाच असतो. क्विक फॉरमॅटचंही तेच. कुणीही मोफत प्रोग्रॅमने तो परत काढू शकतो. मजकूर घालवायचा तर त्याच्यावर दुसरं काहीतरी लिहावं लागतं. आम्ही लिनक्समधला एनवाइप हा पुसण्याचा प्रोग्रॅम वापरला, एकदा सगळीकडे शून्य लिहून मग पडताळणी. विंडोजवाल्यांना त्यातल्याच डिस्कपार्ट या साधनातली क्लीन ऑल ही आज्ञा सगळीकडे शून्य लिहून देते. फक्त योग्य डिस्क निवडली आहे ना, हे दहादा बघावं, कारण ती आज्ञा "नक्की पुसू का" असं विचारत नाही. सात वेळा, पस्तीस वेळा पुसा असं जुने लेख सांगतात. फिरणाऱ्या डिस्कसाठी घरगुती कामाला एकदा नीट लिहिलं तरी पुरतं, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची मार्गदर्शक सूचनाही तसंच सांगते. चाळीस जीबीची डिस्क बघता बघता झाली, मोठी रात्रभर लावून ठेवली.

एसएसडीचं गणित वेगळं. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून ती आतल्या आत जागा बदलत राहते आणि काही जागा आपल्यापासून राखूनही ठेवते. वरून शून्य लिहिलं तरी ते सगळ्या कोपऱ्यांत पोचत नाही. तिच्यासाठी कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमधून, सिक्युअर इरेज, म्हणजे आतून पूर्ण पुसणं, द्यावं लागतं. आमच्या डेस्कटॉपच्या डिस्कला ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चाललं.

टकटक करणारी लॅपटॉपची डिस्क पुसताच येत नव्हती, ती फोडावी लागली. हार्डडिस्कच्या झाकणाला साधा स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही, चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स लागतो. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की बारीक चुरा होऊन उडतात. म्हणून भाच्याने चष्मा आणि हातमोजे घातले, डिस्क जाड कापडाच्या पिशवीत ठेवली आणि वरून हातोडी घातली. आरशासारखी तबकडी एका घावात खडीसाखरेसारखी झाली.

आता यंत्रं. दारावर येणारा भंगारवाला मॉनिटर आणि कॅबिनेट वजनावर घ्यायला तयार होता. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही, तो कष्टाचं खातो. पण पुढे काय होतं ते माहीत असताना मला ते देववेना. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये सर्किट बोर्ड आम्लात बुडवून आणि जाळून धातू काढतात. तारा जाळल्या की तांबं मिळतं आणि धूर तिथल्या पोरांच्या छातीत जातो. जुन्या फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. मागची तांब्याची गुंडाळी काढण्यासाठी तो फोडतात आणि काच नाल्यात जाते. मॉनिटर घरीही कधी उघडू नये, बंद असतानाही आत उच्च दाबाची वीज साठलेली असू शकते.

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले. वस्तू बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर जुन्या मालाची जबाबदारी आहे आणि रिसायकलर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेला असावा लागतो. त्यामुळे ब्रँडेड लॅपटॉप असेल तर आधी कंपनीच्या परतखरेदीची चौकशी करावी. असेंबल्ड कॉम्प्युटरला मात्र मायबाप कुणी नाही. कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, एसएमपीएस तिसऱ्याचा. आपल्याकडे घरोघरी हेच पडून आहेत. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्था ई-कचरा घेते, पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था संकलनाच्या मोहिमा घेतात. बाकी गावांत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणीकृत रिसायकलरांची यादी बघून फोन करावा. घरगुती दोन नगांसाठी ते सहसा गाडी पाठवत नाहीत. म्हणून मी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांनाच घर रिकामं करायचं होतं. मॉनिटर, प्रिंटर, मेलेले राउटर, तारांची गाठोडी असं जमत जमत टेम्पोभर झालं आणि नोंदणीकृत रिसायकलर स्वतः न्यायला आला.

देण्याआधी थोडं वेगळं काढलं. यूपीएसमधली शिसं-आम्लाची बॅटरी बॅटरीच्या दुकानात दिली, नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसे वजा होतात. टोनरचं काडतूस प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, ती पूड नाकात जायला नको. लॅपटॉपला नवी छोटी एसएसडी घालून त्यावर उबंटू हा लिनक्सचाच प्रकार टाकला आणि तो भाच्याच्या ओळखीच्या एका अभ्यासिकेला दिला. अजून चालेल अशी वस्तू फोडायला देण्यात अर्थ नव्हता. रिसायकलरकडून वजनाची पावती आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागून घेतलं. घरगुती लोकांना ते आपणहून देत नाहीत, मागितलं की देतात. डिस्क आम्ही आधीच साफ केलेल्या होत्या, तरीही कुणी जुनं गिऱ्हाईक विचारायला आलं तर दाखवायला कागद असावा, असं मला वाटलं.

इमारतीतल्या बऱ्याच जणांनी डिस्क न काढताच कॅबिनेट आणून ठेवली होती. त्यांना थांबवलं आणि भाच्याला बसवून त्या सगळ्या काढून घेतल्या. त्यांतल्या काही अजून माझ्याकडे आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या डिस्कवर त्यांच्या गावच्या देवस्थानाचा इतिहास आहे, कुठल्याशा जुन्या फॉन्टमध्ये, आणि तो कोणता हे त्यांना आठवत नाही. डिस्कमधलं फॉन्टचं फोल्डर आम्ही उचललं आहे, आता त्यातला एकेक लावून बघतो आहोत.